वशिल्याचा माणूस आणि एका बाईची पत्रं

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण सहज म्हणून जातो. राजकारणातल्या माणसाबद्दल तर हमखासच! पण अमेरिकेत एक राष्ट्राध्यक्ष असे होऊन गेले, की त्यांच्या बाबतीत ही म्हण बरीचशी खोटी ठरली. त्यांचं नाव चेस्टर आर्थर. अमेरिकेचे ते एकविसावे अध्यक्ष. लिंकन यांच्याइतकं हे नाव आपल्या कानावर पडत नाही. तरीही मैत्रिणींनो, ही गोष्ट सांगावीशी वाटते ती त्यांच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रियांमुळे.

आर्थर यांचा जन्म १८२९ चा, व्हरमाँट राज्यातल्या एका खेड्यातला. वडील आयर्लंडहून आलेले धर्मोपदेशक, गुलामगिरीचे कडवे विरोधक. घरात शिस्त भरपूर आणि पैसा बेताचा. शिक्षण झाल्यावर आर्थर यांनी आधी मास्तरकी केली आणि मग न्यूयॉर्कला वकिली सुरू केली.

तिथे त्यांच्याकडे एलिझाबेथ जेनिंग्ज यांचा खटला आला. एलिझाबेथ कृष्णवर्णीय शिक्षिका होत्या, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. १८५४ मध्ये एका रविवारी चर्चला जाताना त्या घोड्यांच्या ट्रामगाडीत चढल्या, तर त्यांना बळजबरीनं खाली उतरवलं. बाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी ट्राम कंपनीला कोर्टात खेचलं. त्यांची बाजू मांडणारे आर्थर तेव्हा जेमतेम पंचविशीत होते. १८५५ मध्ये निकाल बाईंच्या बाजूनं लागला, २२५ डॉलर भरपाई मिळाली आणि त्या कंपनीला आपल्या गाड्या सर्वांसाठी खुल्या कराव्या लागल्या. किती छान सुरुवात, नाही का?

पण पुढे वाट बदलली. यादवी युद्धानंतर ते न्यूयॉर्कचे बडे पुढारी रॉस्को काँकलिंग यांच्या गटात शिरले. १८७१ मध्ये त्यांना न्यूयॉर्क बंदरातल्या जकात कचेरीचं मुख्य पद मिळालं. देशाच्या तिजोरीत येणाऱ्या आयात करातला सर्वांत मोठा वाटा याच बंदरातून यायचा. हाताखाली सुमारे हजार माणसं. ती भरायची कशी? तर वशिल्यानं! जो पक्षाचं काम करील त्याला नोकरी, आणि नोकरी टिकवायची तर पगारातला हिस्सा पक्षाला द्यायचा. आर्थर स्वतः उंची कपड्यांचे, मेजवान्यांचे शौकीन. शेवटी १८७८ मध्ये अध्यक्ष हेज यांनी त्यांना पदावरून दूर केलं.

या सगळ्यात घरी वाट पाहणारी होती त्यांची पत्नी नेल. गोड गळ्याची, हौशी बाई. नवऱ्याच्या रात्री पक्षाच्या बैठकांत जायच्या. जानेवारी १८८० मध्ये तिला न्यूमोनिया झाला, तेव्हाही आर्थर राजकारणाच्या कामासाठी ऑल्बनीला होते. धावत आले, पण ती शुद्धीवर नव्हती. एक शब्दही बोलणं झालं नाही. ती गेली तेव्हा अवघी ४२ वर्षांची होती. ही सल त्यांना जन्मभर राहिली. पुढे अध्यक्षांच्या निवासात तिच्या तसबिरीपाशी रोज ताजी फुलं असायची.

त्याच वर्षी पक्षातल्या दोन गटांचा समेट म्हणून त्यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली आणि ते निवडूनही आले. २ जुलै १८८१ रोजी अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकऱ्यानं आपण आर्थर यांच्याच गटाचे असल्याचं सांगितलं. लोकांच्या मनात संशय आला. गारफिल्ड अंथरुणावर तळमळत होते आणि आर्थर न्यूयॉर्कच्या घरात अक्षरशः तोंड लपवून बसले होते.

अशा वेळी, ऑगस्टच्या अखेरीस, त्यांना एक पत्र आलं. लिहिणारी ज्युलिया सँड, वय ३१, अविवाहित, आजारपणानं घरातच अडकलेली. ओळख ना देख. तिनं आडपडदा न ठेवता कळवलं, की तुम्ही गादीवर येणार या कल्पनेनंच लोक धास्तावले आहेत. पण मोठा प्रसंग माणसातलं चांगलं वर आणतो, तेव्हा आता सुधारून दाखवा.

१९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले आणि त्याच रात्री आर्थर यांनी आपल्या घरीच शपथ घेतली. ज्युलिया लिहीतच राहिली. जुन्या राजांच्या दरबारी खरं बोलायची मुभा असलेला खुजा असायचा, तशी मी तुमची, असं ती म्हणे. चुकलं तिथे कान उघाडणी, बरं केलं तिथे शाबासकी. २० ऑगस्ट १८८२ रोजी तर खुद्द अध्यक्ष तिच्या दारात हजर!

आणि १६ जानेवारी १८८३ रोजी वशिल्यावर वाढलेल्या याच माणसानं पेंडल्टन कायद्यावर सही केली. सरकारी नोकरीसाठी परीक्षा आली, पक्षासाठी पगारातून सक्तीची वसुली बंद झाली. सुरुवातीला तो जेमतेम दहा टक्के नोकऱ्यांना लागू होता, पण पाया पडला. हे एकट्या ज्युलियामुळे झालं असं नाही. गारफिल्ड यांच्या हत्येमुळे लोक खवळले होते आणि १८८२ च्या निवडणुकीत पक्षाला फटका बसला होता. आणि आर्थर काही संत झाले नव्हते. चिनी मजुरांना वीस वर्षं देशबंदी करणारा कायदा त्यांनी अडवला खरा, पण दहा वर्षांच्या बंदीवर १८८२ मध्येच सही केली. एलिझाबेथचा वकील तिथे कमी पडला.

या काळाशी आपलाही एक धागा आहे. जून १८८३ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा तिथे अध्यक्ष आर्थरच होते. आनंदीबाईंना जिनं घरी ठेवून घेतलं त्या कार्पेंटर बाईंची ओळखही पत्रातूनच झालेली!

आर्थर यांना मूत्रपिंडाचा असाध्य आजार होता, तो त्यांनी लोकांपासून लपवला. १८८४ मध्ये पक्षानं पुन्हा उमेदवारी दिली नाही. १८ नोव्हेंबर १८८६ रोजी, ५७ व्या वर्षी ते गेले. शेवटच्या दिवसांत त्यांनी आपली बहुतेक कागदपत्रं जाळून टाकायला लावली. ज्युलियाची २३ पत्रं मात्र जपून ठेवली होती. आज ती वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.

ज्युलियाला साधा मताचा अधिकारही नव्हता. तो अमेरिकेतल्या बायकांना देशभर मिळाला १९२० मध्ये. आपल्याला तर मतही आहे आणि ग्रामसभेत बोलायचा हक्कही आहे. तरी नळाला पाणी नाही म्हणून अर्ज लिहायचा तर आपला हात कचरतो. आपलं कोण ऐकणार, असं वाटतं. मैत्रिणींनो, ऐकणारा ऐकेल किंवा न ऐकेल. पण लिहिलंच नाही, तर तो जपून ठेवणार तरी काय?