आयडा वेल्स

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात १८६२ साली एका गुलाम कुटुंबात आयडाबाईंचा जन्म झाला. १८७८ च्या पीतज्वराच्या साथीत आईवडील गेले. सोळा वर्षांच्या आयडाने शिक्षिकेची नोकरी धरून भावंडे सांभाळली. पुढे मेंफिस शहरी त्या वृत्तपत्र चालवू लागल्या.

१८९२ साली तेथे गोऱ्यांच्या जमावाने त्यांचे स्नेही, दुकानदार टॉमस मॉस, ह्यांना दोघा सोबत्यांसह ठार मारले. कायदा आपले रक्षण करणार नाही, हे ओळखून बाईंनी पिस्तूल विकत घेतले. पण लढल्या त्या लेखणीने. अशा हत्यांची चौकशी करून त्यांनी सत्य छापले. त्या परगावी असताना जमावाने त्यांची कचेरी उद्ध्वस्त केली, तरी लिहिणे थांबले नाही.

१९३१ साली शिकागोत त्या निवर्तल्या. आत्मरक्षणाची सिद्धता आणि सत्याचा आग्रह, दोन्ही ह्या माउलीच्या ठायी नांदत होती.