खानदेशच्या विहिरींवर टकटक करणाऱ्या इंजिनामागचा माणूस : शंतनुराव किर्लोस्कर

जळगाव किंवा धुळ्यात एखाद्या जुन्या गॅरेजसमोर बुलेट उभी असते. इंजिन चालू, आणि वरून टक-टक-टक आवाज. मेकॅनिक लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला लावतो, दुसरं कानाला. सांगतो, टॅपेट वाजतंय.

हा आवाज खानदेशला बुलेटच्या आधीपासून ओळखीचा आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत, शिरपूरच्या शेतात वीज पोहोचण्याआधी विहिरीवर डिझेल इंजिन असायचं, आणि त्यावर बहुतेक वेळा नाव असायचं किर्लोस्कर.

हे इंजिन घरोघरी पोहोचवणारे शंतनुराव किर्लोस्कर.

जन्म 28 मे 1903, सोलापूर. वडील लक्ष्मणराव, ज्यांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, लोखंडी नांगर बनवला आणि 1910 साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. शंतनुराव अमेरिकेला गेले आणि 1926 साली एमआयटीमधून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतले. तिथून पदवी घेणाऱ्या सुरुवातीच्या भारतीयांपैकी ते एक. मोठी नोकरी शोधण्याऐवजी ते वडिलांच्या कारखान्यात कामाला लागले.

त्या काळी इंजिन म्हणजे विलायती माल. बिघडलं की सुटा भाग बोटीने यायची वाट बघायची. तोवर पीक थांबत नाही. ऐन उन्हाळ्यात पाणी बंद पडलं की शेतकऱ्याचं वर्ष गेलं.

1946 साली शंतनुरावांनी पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू केली. दोनच वर्षांनी, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लागली. घराण्याने तो पुन्हा उभा केला. इकडे खडकीच्या कारखान्यातून इंजिनं बाहेर पडत राहिली. त्यातलं पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं एव्ही-वन देशभर विहिरींवर दिसू लागलं.

आता आवाजाकडे येऊ. या इंजिनात आणि जुन्या बुलेटमध्ये व्हॉल्व्हची रचना एकाच तत्त्वावर आहे. खाली कॅमशाफ्ट, तिथून वर जाणारा पुशरॉड, वर रॉकर, आणि रॉकर दाबतो व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट मुख्य शाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह 750 वेळा उघडतो. म्हणून टॅपेटची टकटक हलकी, वरून येणारी आणि वेगाबरोबर वाढणारी असते. खालून जड ठोका येत असेल तर दुखणं वेगळं, बहुधा बेअरिंगचं.

टकटक ऐकली की आधी ऑइल बघायचं. मग इंजिन गार झाल्यावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून गॅप तपासायची. एव्ही-वनसारख्या इंजिनात त्यासाठी फिलर गेज लागतं. जुन्या बुलेटमध्ये पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वर-खाली हलू नये, एवढं पुरतं. गॅप बरोबर करूनही आवाज राहिला, तर रॉकर, कॅम किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत का ते बघायचं.

खरी गोम मात्र इथे आहे. गॅप जास्त असेल तर इंजिन ओरडून सांगतं. गॅप फार कमी असेल तर ते गप्प बसतं! व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, कॉम्प्रेशन जातं, हँडल किंवा किक हलकी लागते आणि शेवटी एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. म्हणून आवाज नको म्हणून टॅपेट आवळून देणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाचं नुकसानच करतो.

शंतनुराव तिथेच थांबले नाहीत. 1962 साली किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली, 1965 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. 24 एप्रिल 1994 रोजी त्यांचं निधन झालं.

पुढे विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या आणि बरीच इंजिनं गोठ्याच्या कोपऱ्यात गेली. पण ज्या यंत्राची दुरुस्ती गावातच होऊ शकते, तेच शेतकऱ्याच्या कामाचं, हा त्या इंजिनाचा धडा आजही खरा आहे. तुमच्या मळ्यात असं इंजिन अजून असेल, तर एकदा हँडल मारून बघा, आणि आवाज वरून येतोय की खालून, तेवढं नीट ऐका.