देवळालीचे कापरेकर मास्तर

आपल्या केनवडच्या शाळेत फळ्यावर 'मूळ अवयव पाडा' असे लिहिले गेले की मागच्या बाकांवर शांतता पसरायची, हे अनेकांना आठवत असेल. त्या शांततेत मीही असे. म्हणून स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा अवयवांतच रमलेल्या एका शाळामास्तरांविषयी लिहायचे ठरवले.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, त्यामुळे घरात आकडेमोड असायचीच. ठाण्यात शाळा, मग पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. तिथे १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली बी.एस्सी. झाले आणि शिक्षण तिथेच थांबले. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला ते मास्तर होते.

तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवर डोंबिवलीचे स्टेशन होते. त्याचे जुने नाव डेमलो. तिथे त्यांना काही संख्यांचा विचार सुचला, म्हणून त्यांना नाव दिले डेमलो संख्या. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. आकडे चढतात आणि तसेच उतरतात. नऊ एकांचा वर्ग होतो १२३४५६७८९८७६५४३२१. दहाव्या एकाला हातचा येतो आणि ही शिडी मोडते.

आता या सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव पाडायचे. बघूनच घाम फुटावा. पण ती १११११११११ चा वर्ग आहे हे कळले की अर्धे काम झाले. नऊ एकांचे तीन-तीनचे गट करा: १११ गुणिले १००१००१. त्यातले १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. म्हणजे नऊ एकांचे अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७. वर्गात प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो, एवढेच. मात्र ३३३६६७ ही मूळ संख्या आहे याची हाताने खात्री करायची, तर ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भाग जातो का पाहावे लागते. २, ३, ५ पाहताच बाद. उरतात १०३ भागाकार, पाटीवर किंवा वहीत. सात एकांचे अवयव २३९ आणि ४६४९, तर एकोणीस एकांची संख्या स्वतःच मूळ. असे का, हे आकड्यांकडे नुसते बघून सांगता येत नाही.

कापरेकरांचे आयुष्य अशाच आकडेमोडीत गेले, यंत्राशिवाय. पण विद्यापीठातील गणिती मंडळींना हा पोरखेळ वाटे. पदवी बी.एस्सी.ची, नोकरी शाळेतली. मोठी नियतकालिके त्यांचे लेखन घेत नसत, म्हणून लहान मासिकांत ते छापून येई किंवा ते स्वतःच पुस्तिका काढत. मास्तरांचा पगार किती असे हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा हा हट्ट सोपा नव्हता. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ हा अंक मांडला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा, हेच करत राहा. सातव्या पायरीच्या आत ६१७४ येतोच. आज त्यांचे नाव याच अंकामुळे घेतात. मला विचाराल तर डेमलो जास्त सुंदर.

निवृत्तीनंतर १९६६ साली पत्नी वारल्या. पेन्शन पुरेना, म्हणून त्यांनी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या सुरू केल्या. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांच्या संख्यांविषयी लिहिले, आणि जगभरच्या गणितप्रेमींना त्यांचे नाव कळले. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते गेले. आपल्याच अंकांची बेरीज स्वतःत मिळवून दुसऱ्या कोणत्याही संख्येपासून जी तयार होत नाही, अशा संख्यांना त्यांनी आपल्या गावाचेच नाव दिले होते: देवळाली संख्या.