स्ट्रेची आणि २५० सूचनांचं टेम्प्लेट इंजिन

बँकेचा मेसेज आला की त्यात तुमचं नाव, रक्कम आणि तारीख एवढंच बदलतं. बाकी मजकूर सगळ्यांना तोच. असा रिकाम्या जागा सोडलेला मजकूर म्हणजे टेम्प्लेट. कॉम्प्युटरवर हे काम अगदी सुरुवातीला करणाऱ्यांपैकी एक म्हणजे ख्रिस्तोफर स्ट्रेची.

स्ट्रेची यांचा जन्म १९१६ चा, लंडनचा. केंब्रिजमध्ये शिकले आणि पुढे शाळेत शिक्षक झाले. नोकरी सांभाळूनच त्यांनी मँचेस्टर विद्यापीठाच्या कॉम्प्युटरसाठी प्रोग्राम लिहिले. १९५२ मध्ये त्यांनी त्या मशीनकडून चक्क प्रेमपत्रं लिहून घेतली! वाक्यांचे साचे ठरलेले. विशेषणं, नामं, क्रियापदं यादीतून रँडम उचललेली.

१९६० च्या दशकात ते केंब्रिजमध्ये सीपीएल नावाची भलीमोठी प्रोग्रामिंग भाषा घडवत होते. तिचा कंपायलर लिहायला मदत म्हणून त्यांनी एक छोटं टूल बनवलं: जीपीएम, म्हणजे जनरल पर्पज मॅक्रोजनरेटर. त्याची माहिती १९६५ मध्ये छापून आली.

ते चालायचं कसं? समजा मजकूर आहे: नमस्कार ~१, तुमची ~२ ची ऑर्डर निघाली. त्याला एक नाव द्यायचं. मग ते नाव आणि दोन शब्द दिले की ~१ आणि ~२ च्या जागी ते शब्द बसतात. त्या शब्दांच्या जागी आणखी एखादं टेम्प्लेटही वापरता येतं. बस, एवढंच. सगळं मिळून साधारण २५० मशीन सूचना!

नावातही काही भपका नाही. जे काम, तेच नाव. सीपीएलचं नाव मात्र बदलावं लागलं. त्यातला सी आधी केंब्रिजचा होता, लंडन विद्यापीठ सोबत आल्यावर तो कम्बाइन्डचा झाला.

पुढे झालं उलटंच. सीपीएलचा पूर्ण कंपायलर त्या दशकात तरी तयार झाला नाही. तिच्यातून बीसीपीएल, मग बी आणि शेवटी सी भाषा आली, पण ती स्वतः मागे पडली. मदतीला बनवलेल्या जीपीएमचा धागा मात्र एम४ पर्यंत पोहोचला. कर्निघन आणि रिची यांचं हे १९७७ चं टूल ऑटोकॉन्फमध्ये आजही चालतं.

स्ट्रेची यांना ते बघायला मिळालं नाही. १९७५ मध्ये, ५८ व्या वर्षी ते गेले.

म्हणून स्वतःची टेम्प्लेट लायब्ररी लिहायला घेतलीत, तर फीचर्सची यादी वाढवण्याआधी एकदा २५० हा आकडा आठवा.