लोहमार्गाला बाजारपेठेची जोड देणारा राजा

निपाणीहून कोल्हापूरकडे निघाले की सीमा ओलांडताच कागल लागते. या कागलच्या जहागीरदार घाटगे घराण्यातील यशवंतराव, जन्म २६ जून १८७४, हेच मार्च १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले.

कोल्हापूर-मिरज लोहमार्गाच्या कामाचा प्रारंभ १८८८ मध्ये त्यांच्या हस्ते झाला, तेव्हा ते अल्पवयीन होते. निर्णय कारभाऱ्यांचा होता. सुमारे ४७ किलोमीटरचा हा मार्ग संस्थानाने स्वखर्चाने बांधला आणि चालविण्यासाठी सदर्न मराठा रेल्वेकडे सोपविला. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. मिरजेत तो पुणे-बेळगाव-लोंढा मार्गाला मिळाला. लोंढ्याहून कॅसलरॉकचा घाट उतरून माल थेट मुरगाव बंदरापर्यंत जाऊ शकत होता. या काळात तरुण महाराज धारवाडला शिक्षण घेत होते.

२ एप्रिल १८९४ रोजी राज्याधिकार हाती आल्यावर महाराजांनी या तयार मार्गाचे चीज केले. रूळ टाकले म्हणजे व्यापार आपोआप येतो, असे त्यांनी मानले नाही. १८९५ मध्ये रेल्वे स्थानकालगत शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. कोल्हापुरी गुळाचा व्यापार तेथे फोफावला. १९०६ मध्ये कापड गिरणीचा पाया घातला गेला. १९१७ मध्ये याच लोहमार्गावर, जन्मदात्या पित्याच्या स्मरणार्थ, जयसिंगपूर हे नवे व्यापारी नगर उभे राहिले. शेतात पीकच नसेल तर गाडीत भरायचे काय, हा प्रश्नही होताच. त्यासाठी भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम त्यांनी हाती घेतले. ते पूर्ण झालेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज बेळगाव जिल्ह्यात असलेले रायबाग तेव्हा त्यांच्याच संस्थानात होते. कागलपासून हाकेच्या अंतरावरील निपाणी मात्र ब्रिटिश मुलुखात राहिली. तंबाखूच्या व्यापाराने नावारूपाला आलेल्या या गावात रेल्वे आजही पोहोचलेली नाही. त्याची सारी भिस्त पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. मार्ग, पेठ आणि पाणी यांचा एकत्रित विचार करणाऱ्या या राजाचे स्मरण सीमाभागाला म्हणूनच अधिक प्रकर्षाने होते.