डॉ. होमी भाभा : अदृश्य वर्षावाचे गणित

लोणारच्या विवराच्या काठावर उभे राहिले की आकाशातून काय कोसळू शकते, याची कल्पना येते. बुलडाणा जिल्ह्यातील काळ्या बेसॉल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाडणारा तो आघात सर्वांना ठाऊक आहे. त्याच आकाशातून अणूहूनही सूक्ष्म कणांचा वर्षाव अहोरात्र चालू असतो, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. त्याची खूण जमिनीवर उमटत नाही. क्वचित ती संगणकाच्या 'लॉग'मध्ये उमटते. सारे सुरळीत चालू असताना मेमरीतील एक बिट उलटले व दुरुस्त झाले, असा संदेश तेथे येतो आणि तंत्रज्ञ बुचकळ्यात पडतो. या वर्षावाचे गणित मांडणाऱ्यांत एक मुंबईकर अग्रभागी होता.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील सधन पारशी कुटुंबात झाला. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, ही घरच्यांची इच्छा. मुलाचा ओढा मात्र भौतिकशास्त्राकडे. आधी अभियांत्रिकीत प्रथम श्रेणी मिळव, मग हवे ते शिक, अशी तडजोड वडिलांनी केली आणि भाभांनी ती अट पुरी केली.

१९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला की ऊर्जेचे फोटॉन निर्माण होतात, त्यांतून पुन्हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या, आणि एकाचे अनेक होत जातात, असे त्याचे सार. १९३९ मध्ये ते सुटीवर भारतात आले, युद्ध पेटले आणि परतणे राहून गेले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन चालू ठेवले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली.

याच संस्थेत रं. नरसिंहन यांच्या चमूने 'टिफ्रॅक' हा संगणक घडवला. १९६० मध्ये तो कार्यान्वित झाला. हजारो निर्वात नलिकांच्या अशा यंत्रात नलिका जळणे, सांधा सैल होणे, हे नेहमीचेच दुखणे. आकाशावर संशय घेण्याचे कारण त्या काळी कोणालाच नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर झालेल्या विमान अपघातात भाभांचे निधन झाले.

त्यानंतर १३ वर्षांनी, १९७९ मध्ये, जेम्स झिगलर व विल्यम लॅनफर्ड यांनी विश्वकिरण संगणकाच्या मेमरीतील बिट उलटवू शकतात, हे दाखवून दिले. येथे एक खुलासा हवा. जमिनीवर हा उपद्व्याप मुख्यतः न्यूट्रॉनचा. भाभांनी मांडलेली इलेक्ट्रॉनची साखळी ही त्याच वर्षावाची दुसरी शाखा.

म्हणूनच सर्व्हरमध्ये 'ईसीसी' मेमरी बसवतात. ती एका बिटाची चूक आपोआप सुधारते, दोन बिटांची चूक केवळ ओळखते. दुरुस्तीची नोंद महिनोन्महिने एकदाच दिसली, तर दोष बहुधा एखाद्या भरकटलेल्या कणाचा. तीच नोंद त्याच पत्त्यावर पुन:पुन्हा येऊ लागली, तर मात्र आकाशाला बोल लावू नये. मेमरीची पट्टी काढून दुसऱ्या खाचेत बसवून पाहावी. चूक पट्टीबरोबर सरकली तर पट्टी बदलावी, जुन्याच खाचेत राहिली तर मदरबोर्ड तपासावा.