मशीन उलटं फिरवणारी मार्गारेट

संध्याकाळी कुठल्याही टेलरच्या दुकानात डोकावून बघा. परभणीच्या बाजारात बघा, सेलूत बघा, नाहीतर गंगाखेडला. मशीनच्या पायाशी कात्रणांचा ढीग पडलेला असतो. थोडी कात्रणं गोधडीत जातात, थोडी पायपुसण्यात आणि उरलेली कचऱ्याच्या गाडीत. आपल्या आज्यांच्या काळात याच ढिगातून आणखी एक वस्तू निघायची, ती म्हणजे चिंध्यांची बाहुली. पोटात कापूस, काळ्या दोऱ्याचे डोळे, लाल दोऱ्याचं तोंड आणि जुन्या लुगड्याच्या काठाचा परकर. खर्च शून्य, आणि पोरगी मात्र दिवसभर खूश!

आता त्या बाहुलीची जागा टेडीने घेतली आहे. वाढदिवस असो की व्हॅलेंटाइन डे, गिफ्ट शॉपच्या काचेआड तो बसलेला असतोच. पण कापडी खेळण्यांचा हा सगळा धंदा ज्या मोजक्या लोकांनी उभा केला, त्यांत कपडे शिवून पोट भरणारी एक बाई होती, हे किती जणांना माहीत आहे? तिला चालता येत नव्हतं. उजवा हात धड चालत नव्हता. तिचं नाव मार्गारेट श्टाइफ.

गाडीत बसून शाळेला

24 जुलै 1847 रोजी दक्षिण जर्मनीत, ब्रेंझ नदीकाठच्या गींगेन या छोट्या गावात मार्गारेटचा जन्म झाला. वडील बांधकाम करणारे कारागीर. घरात चार मुलं, त्यातली ही तिसरी. दीड वर्षाची असताना तिला जोराचा ताप आला. ताप उतरला, पण पाय गेले आणि उजवा हातही दुखरा, कमजोर झाला. तो पोलिओ होता, हे कळायलाही काही वर्षं गेली. पोलिओची लस यायला तेव्हा अजून शंभर वर्षांचा अवकाश होता.

आई-वडिलांनी डॉक्टर केले, दवाखाने केले. नऊ वर्षांची असताना तिला दूरच्या गावी ठेवून पायावर शस्त्रक्रियाही करून घेतली. गुण आला नाही. अशा वेळी घरात जे बोलणं होतं ते जर्मनीत काय आणि आपल्याकडे काय, सारखंच असतं. या पोरीचं पुढं कसं होणार? लग्न होणार नाही, शेतात किंवा दुसऱ्याच्या घरी काम जमणार नाही, मग हिला आयुष्यभर कोण बघणार?

मार्गारेट मात्र घरात बसून राहणारी नव्हती. भावंडं आणि शेजारची पोरं तिला लाकडी हातगाडीत बसवून शाळेत न्यायची. आळीतल्या लहान मुलांसाठी ती नवेनवे खेळ शोधून काढायची आणि तिची गाडी त्या खेळांच्या मधोमध असायची. लहान मुलांना काय आवडतं, काय हातात घेतल्यावर ती सोडत नाहीत, हे तिने कुठल्या कोर्समध्ये शिकलं नाही. या गाडीत बसूनच शिकली.

चाक डाव्या बाजूला घ्यायचं

शाळेनंतर तिने शिवणाचा वर्ग लावला. उजव्या हातात ताकद नाही, तो वर उचलला की दुखतो, आणि शिकायची सुई! सुरुवातीला फार जड गेलं. पण सतराव्या वर्षापर्यंत तिचा हात बसला. मोठ्या बहिणी कपडे शिवून द्यायचा व्यवसाय करत होत्या, त्यात ती सामील झाली. झिथर नावाचं तारांचं वाद्य तिला वाजवता यायचं. त्याच्या शिकवण्या घेऊन ती चार पैसे जोडायची.

पुढे घरात शिलाई मशीन आलं. गावात ही वस्तू तेव्हा अगदी नवी होती. इथे पुन्हा तीच अडचण उभी राहिली. हाताने फिरवायच्या मशीनचं चाक उजव्या बाजूला असतं. जगातली सगळी मशीन्स उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी बनवलेली. मार्गारेटने काय केलं? मशीनच उलटं फिरवून ठेवलं. चाक डावीकडे आलं आणि डाव्या हाताने ती टीप मारू लागली.

मित्रांनो, तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली इथे आहे. आपण मशीनसाठी नालायक आहोत असं ती म्हणत बसली नाही. मशीन आपल्यासाठी नीट ठेवलेलं नाही, एवढंच तिला दिसलं.

हत्ती आला टाचण्यांसाठी

1874 मध्ये वडिलांनी घरात फेरफार करून तिला शिवणाची स्वतंत्र खोली करून दिली. 1877 मध्ये, तिशीत, मार्गारेटने स्वतःचं दुकान उघडलं. माल फेल्टचा. फेल्ट म्हणजे लोकर दाबून घट्ट केलेलं जाड कापड. ते विणलेलं नसतं, त्यामुळे कापलं तरी कडेने धागे सुटत नाहीत. गावातच फेल्टचा कारखाना असल्याने माल हाताशी होता. त्याचे परकर आणि लहान मुलांचे कोट ती तयार करून विकायची. काम वाढलं तसं तिने शिवणाऱ्या बायकाही ठेवल्या.

1879 च्या डिसेंबरमध्ये फॅशनच्या एका नियतकालिकात तिला कापडी हत्तीचा नमुना दिसला. तिने त्यावरून फेल्टचे छोटे हत्ती शिवले आणि आत मेंढीच्या कोकराची मऊ लोकर भरली. हे खेळणं नव्हतं बरं का. टाचण्या खोचून ठेवायची ती उशी होती, ओळखीच्या बायकांना भेट द्यायला केलेली.

पण त्या बायकांच्या पोरांनी हत्ती पळवले. टाचण्या राहिल्या बाजूला आणि हत्ती गेले खेळात! त्या काळात श्रीमंत घरातल्या बाहुल्यांची डोकी चिनीमातीची किंवा मेणाची असायची. पडली की फुटायची, म्हणून बऱ्याचदा ती बघायची वस्तू असायची. बाकी खेळणी लाकडाची नाहीतर पत्र्याची. उराशी धरून झोपता येईल, फेकलं तरी फुटणार नाही, असं खेळणं दुकानात सहज मिळत नव्हतं. मार्गारेटच्या हे लगेच लक्षात आलं. वस्तू तिने एका कामासाठी केली होती, गिऱ्हाईक ती दुसऱ्याच कामासाठी वापरत होतं, आणि तिने गिऱ्हाइकाचं ऐकलं.

आकडे बघा. 1880 मध्ये हत्ती गेले फक्त 8. 1885 मध्ये 596. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी 5 हजारांच्या वर! मधल्या काळात धाकटा भाऊ फ्रिट्झ हत्तींची पिशवी घेऊन शेजारच्या हायडेनहाइमच्या बाजारात गेला आणि ऑर्डरी घेऊन परत आला. हत्तीच्या मागोमाग माकड, गाढव, घोडा, उंट, डुक्कर, कुत्रा, मांजर अशी सगळी वरात निघाली. 1892 मध्ये चित्रांचा कॅटलॉग छापला आणि 1893 मध्ये फेल्ट खेळण्यांचा कारखाना म्हणून तिच्या नावाने कंपनी नोंदली गेली. दरम्यान फ्रिट्झने बांधलेल्या नव्या इमारतीत खाली दुकान आणि वर तिचं घर होतं. तिची चाकाची खुर्ची वर जावी म्हणून उतार केलेला होता. ज्याला आज आपण रॅम्प म्हणतो आणि जो आपल्या कित्येक कॉलेजांत अजून नीट सापडत नाही, तो सव्वाशे वर्षांपूर्वी एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घराला होता.

अस्वल तिचं नव्हतंच

आता टेडीकडे येऊ. इथे एक गंमत आहे. ज्या अस्वलामुळे श्टाइफ हे नाव जगभर गेलं, ते मार्गारेटने बनवलेलंच नाही. फ्रिट्झचा मुलगा रिचर्ड कलाशाळेत शिकून 1897 मध्ये आत्याच्या कारखान्यात आला होता. श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात बसून तो अस्वलांची रेखाटनं करायचा. 1902 मध्ये त्याने 55 सेंटिमीटरचं, हातपाय हलणारं, मोहेअरच्या केसाळ कापडाचं अस्वल तयार केलं. मोहेअर म्हणजे अंगोरा बकरीची लोकर, म्हणजे महाग माल. मार्गारेटला हे अस्वल चालेल अशी फारशी खात्री नव्हती. तरी तिने पुतण्याला अडवलं नाही.

1903 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ते मांडलं. तिथे एका अमेरिकी व्यापाऱ्याने 3 हजार अस्वलांची ऑर्डर दिली. त्याआधी, नोव्हेंबर 1902 मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलाला गोळी घालायला नकार दिला होता. त्यावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं, आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या मिचटम दांपत्यानेही एक कापडी अस्वल शिवून दुकानात मांडलं. रूझवेल्ट यांचं लाडाचं नाव टेडी, म्हणून अस्वलाचंही नाव टेडी. एकाच सुमाराला दोन खंडांत दोन अस्वलं जन्मली.

1904 मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात कंपनीला सर्वोच्च बक्षीस मिळालं. त्याच वर्षी नकली माल ओळखता यावा म्हणून फ्रान्झ या दुसऱ्या पुतण्याने प्रत्येक खेळण्याच्या कानात धातूचं बटण बसवायची कल्पना काढली. ते बटण आजही आहे. लोगो, ब्रँडिंग या शब्दांवर तुम्ही एमबीएच्या वर्गात लेक्चरं ऐकता ना? हे त्याचं एक जुनं आणि साधं उदाहरण. 1907 मध्ये कारखान्यातून 9 लाख 74 हजार अस्वलं बाहेर पडली. तेव्हा कारखान्यात सुमारे 400 जण होते आणि आपापल्या घरी बसून शिवणारे सुमारे 1800.

हा सगळा व्याप वाढला तरी मुलांच्या हातात जाणारी वस्तू उत्तमच असली पाहिजे, हा मार्गारेटचा हट्ट सुटला नाही. नवा नमुना ती स्वतः तपासायची. 9 मे 1909 रोजी न्यूमोनियाने तिचं निधन झालं, तेव्हा ती 61 वर्षांची होती. जिला कोण बघणार अशी घरच्यांना काळजी होती, तिच्या मागे शेकडो घरांची चूल पेटत होती.

आपल्या हातात काय?

ही गोष्ट वाचून उद्याच कुणी करोडपती होणार नाही, आणि तसं सांगणं खोटं ठरेल. शिवाय मार्गारेट एकटीच्या जोरावर मोठी झाली नाही. वडिलांनी खोली दिली, भावाने बाजार दाखवला, पुतण्यांनी अस्वल आणि बटण दिलं. पण पहिला हत्ती तिचा होता, आणि उलटं फिरवलेलं मशीनही तिचंच.

आपल्या जिल्ह्याकडे बघा. मानवत-सेलूच्या बाजारात कापूस येतो. गावोगावी बचत गटांत मशीन चालवणाऱ्या बायका आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठातलं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय बालविकास आणि वस्त्रशास्त्र हे दोन्ही विषय शिकवतं. अंगणवाडीत बसणाऱ्या पोरांना उराशी धरायला काहीतरी हवं आहे. कच्चा माल, हात, ज्ञान आणि गिऱ्हाईक, सगळं जिल्ह्यातच आहे.

करून बघायचं असेल तर मात्र मार्गारेटचा हट्ट पाळा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला बटणाचे किंवा मण्यांचे डोळे लावू नका. ते तुटून घशात जातात. डोळे दोऱ्याने भरा. कापड आधी धुऊन घ्या, म्हणजे रंग सुटतो का ते कळेल. आतला कापूस कोरडा आणि स्वच्छ हवा. शिवण दुहेरी मारा आणि शेवटी दोन्ही हातांनी जोरात ओढून बघा, कारण पोरगं तेच करणार आहे. विकायचं असेल तर नियमही माहीत हवा. 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएस प्रमाणपत्र बंधनकारक आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणजे आधी नोंदणी, मग दुकान.

आणि शिवणं हे काही फक्त मुलींचं काम नाही. ते अस्वल रिचर्डचं होतं, हे विसरू नका.

तुमच्यापैकी कुणाचं इंग्रजी कच्चं असेल, कुणाच्या घरी पैसा नसेल, कुणाचा हात किंवा पाय साथ देत नसेल. समोरचं मशीन दुसऱ्या कुणासाठी बनवलेलं आहे असं रोज वाटत असेल. तेव्हा गींगेनच्या त्या खोलीतली डाव्या हाताने चाक फिरवणारी पोरगी आठवा. ते मशीन जड होतं, पण ते फिरवून ठेवता येत होतं.